छोटे वकीलसाहेब

चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्या बापलेकांचं ऑफिस होतं. रस्त्याकडची मोठी खोली वडिलांची. तिला दोन खिडक्या होत्या, आणि उन्हाळ्यात दुपारभर टेबलावर ऊन असायचं. मुलाची खोली मागे. तिची खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि एसीचे डबे, म्हणून ती सहसा बंदच असायची.

मुलगा बावन्न वर्षांचा होता. केस पिकले होते, जिना चढताना उजवा गुडघा कुरकुरायचा, पण जुने अशील त्याला अजून 'छोटे वकीलसाहेब' म्हणायचे. एकदा एक नवीन बाई आल्या. "छोट्या वकिलांना भेटायचंय," त्या त्यालाच म्हणाल्या, "आत आहेत का?" तो म्हणाला, "बसा, मीच तो." बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मग मोठे केवढे आहेत?"

मोठे एक्याऐंशीचे होते आणि रोज ऑफिसला येत होते. दोघंही सॉलिसिटर. कोर्टात उभं राहून भांडायचं काम त्यांचं नव्हतं. घरांचे खरेदीव्यवहार, दुकानांचे भाडेकरार, मृत्युपत्रं, आणि माणूस गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्यांच्या वाटण्या. कागद असा करायचा की पुढे भांडण उभंच राहू नये. ऑफिसात मुलाने वडिलांना 'बाबा' म्हणायचं नाही, 'साहेब' म्हणायचं, असा वडिलांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. त्यामुळे दिवसातले आठ तास त्याला वडील नसायचे आणि घरी गेल्यावर वडिलांना बोलायला काही नसायचं.

तसं त्याला इथे यायचंच नव्हतं. कायद्याची परीक्षा दिल्यावर, निकाल लागेपर्यंत, तो एका टेकडीवरच्या निवासी शाळेत भूगोल शिकवत होता. तिथल्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होत्या, त्यांच्या जागी. ते चार महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले. मुख्याध्यापकांनी त्याला कायम राहतोस का म्हणून विचारलंही होतं. तेवढ्यात इकडे वडिलांचे भागीदार, ज्यांना तो लहानपणापासून काका म्हणायचा, निम्मे अशील घेऊन वेगळे झाले. वडील शाळेत आले, व्हरांड्यात उभे राहिले आणि म्हणाले, "एवढा हिवाळा काढून दे. मग तू मोकळा." तो आला. हिवाळा गेला. तो विषय पुन्हा वडिलांनी काढला नाही आणि मुलालाही काढता आला नाही.

त्याला या कामाचा राग नव्हता. राग असता तर कधीतरी तोंडावर फेकून निघून तरी गेला असता. त्याला फक्त काही वाटायचं नाही. समोर बसलेला माणूस सामाईक भिंतीबद्दल बोलत असायचा आणि हा मनातल्या मनात फळ्यावर नदी काढत असायचा. नदी वळण का घेते, वळणाच्या एका काठाला ती माती का खाते आणि दुसऱ्या काठाला का टाकते. खरं तर आपण शिक्षक आहोत, इथे नुसते अडकून पडलोय, या एका गोष्टीवर त्याने एवढी वर्षं रेटली होती.

गेल्या काही वर्षांत मात्र निघून जायचा विचारच संपला होता, कारण आता वडिलांना त्याची गरज होती. वडील विसरायला लागले होते. करारात एकच परिच्छेद दोनदा यायचा. एका मृत्युपत्रात त्यांनी अशिलाच्या वारलेल्या भावाला शेतजमीन ठेवली होती. म्हणून मुलगा संध्याकाळी वडील घरी गेल्यावर टायपिस्ट बाईंच्या ट्रेमधले त्यांचे कागद काढायचा, वाचायचा, दुरुस्त करून परत ठेवायचा. "मोठ्या साहेबांना कळता कामा नये," असं त्याने बाईंना सांगून ठेवलं होतं. बाई "बरं," म्हणाल्या होत्या. त्या सगळ्यालाच 'बरं' म्हणायच्या.

एका मंगळवारी जेवणानंतर वडिलांनी त्याला आत बोलावलं.

"दार लाव," ते म्हणाले. "बस. मी थांबायचं म्हणतोय."

मुलाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की ते तोंडावर दिसू नये म्हणून त्याने खाली टेबलाकडे बघितलं.

"पुलापलीकडे ती मोठी फर्म आहे ना, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय," वडील पुढे म्हणाले. "ते आपलं सगळं काम घेतील. अशील, फायली, बाईंना पण घेतील. तुलाही घेतील."

"मला कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझं काय करायचं मग?"

"साहेब, तुम्ही मला आधी विचारायचं तरी."

"विचारून तू काय म्हणाला असतास? चालवतो म्हणाला असतास." वडिलांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. "हे बघ, मी साठीलाच थांबणार होतो. तुझ्या आईला तसं कबूल केलं होतं. दोघांनी फिरायचं ठरवलं होतं, तिने बॅगा पण बघून ठेवल्या होत्या. पण तुझ्याकडे बघून माझी हिंमत झाली नाही."

"माझ्याकडे बघून?"

"तुला या कामाची आवड आहे. इतकी आवड मी दुसऱ्या कोणात बघितली नाही. सकाळी माझ्याआधी येतोस, संध्याकाळी मी गेलो तरी बसलेला असतोस. पण आवड वेगळी आणि हात वेगळा. तू अशिलाशी बोललास ना, की तो आला होता त्याच्यापेक्षा जास्त घाबरून घरी जातो. इतक्या शक्यता सांगतोस त्याला. मग दुसऱ्या दिवशी मी फोन करून समजावतो."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच. आता ते अंगवळणी पडलंय." वडिलांनी चष्मा घातला. आवाजात चिडचिड नव्हती. मोडलेल्या हाडाबद्दल डॉक्टर बोलतो तसे ते बोलत होते. "मी गेल्यावर तू एकटा बुडाला असतास. तुझी आई गेली तरी मी थांबलो नाही, ते एवढ्यासाठीच. आता माझ्याच्याने होत नाही, म्हणून तुझी सोय लावून जातोय."

बाहेरच्या ट्रेमध्ये त्या वेळी वडिलांनी केलेलं एक खरेदीखत पडलं होतं. त्यात त्यांनी घर विकणाऱ्याचं घर विकणाऱ्यालाच विकलं होतं. मुलाने ते आदल्या संध्याकाळीच सरळ केलं होतं. तो उठून बाहेर जाऊ शकला असता, मूळ कागद आणून वडिलांच्या पुढ्यात ठेवू शकला असता. तसं करायची त्याला एक क्षण फार इच्छा झाली. मग त्याने वडिलांकडे बघितलं. ते रुमालाची घडी घालत होते आणि घडी काही जमत नव्हती.

"बरं केलंत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वडील यायच्या आधी, तो बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, मोठे साहेब माझ्या अशिलांना फोन करतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"नंबर मीच लावून देते ना."

"आणि माझे कागद? तेही बघतात?"

बाईंनी टाइप करायचं थांबवलं. "सकाळी ते तुमचे बघतात, संध्याकाळी तुम्ही त्यांचे बघता. त्यांनीही मला तेच सांगितलं होतं, छोट्या साहेबांना कळता कामा नये म्हणून. मी म्हटलं, बरं."

"मग बरोबर कोण असायचं?"

बाईंनी खरंच विचार केला. "कधी त्यांच्या मोठ्या चुका असायच्या, त्या तुम्ही पकडायचात. कधी तुमचं काही सुटलेलं असायचं. पण साहेब, बहुतेक वेळा तसं काही नसायचंच. तुम्ही 'वगैरे' काढायचात, ते परत घालायचे. त्या बेकरीच्या भाडेकरारात एक स्वल्पविराम तीनदा गेला आणि तीनदा आला. मी आपली टाइप करून द्यायचे. बेकरीवाल्याने न वाचताच सही केली."

तो आपल्या खोलीत जाऊन बसला. फायलींची कपाटं त्याच्या तिन्ही बाजूंना होती. यातलं आपलं नेमकं काय, हा विचार त्याने आधी कधी केला नव्हता, कारण हे आपलं नाहीच असं तो धरून चालला होता. आता तो शोधायला लागला तर खरंच काही सापडेना. जे चांगलं होतं ते वडिलांनी फोनवर सांभाळून घेतलेलं असेल. जे वाईट होतं तेवढं त्याचं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या फर्मच्या भागीदार मॅडम ऑफिस बघायला आल्या. चाळिशीच्या असतील. कपाटं बघितली, बाईंशी बोलल्या, वडिलांच्या खोलीत तासभर हसण्याचा आवाज येत होता. मग त्या मागच्या खोलीत आल्या आणि खिडकी बंद असूनही खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या.

"सरांचे अशील सरांवर विश्वास ठेवून आहेत," त्या म्हणाल्या. "एकदम अनोळखी माणूस दिसला तर ते बिथरतील. तुम्ही दोन-तीन वर्षं असलात तर त्यांना बरं वाटेल."

"म्हणजे ओळखीचा चेहरा म्हणून."

त्या ओशाळल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. "तसंच अगदी नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारतो. लांबचा विचार केला तर तुम्हाला काय करायचंय? कुठल्या कामात पुढे जायचंय? दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

दहा वर्षांनी तो बासष्ट वर्षांचा असेल, एवढंच त्याला सुचलं, आणि ते मॅडमनाही हिशेब करून कळलंच असतं.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "विचार करून थोडक्यात लिहून पाठवा."

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले हात-पाय हलवून देण्याचं काम ती करायची आणि रोज दमून, खूश होऊन घरी यायची. तिने सगळं ऐकून घेतलं. वडील काय म्हणाले तेही त्याने सांगितलं.

"तुला लागलं ते?"

"खरं असेल तर लागून काय उपयोग?"

"खरं आहे असं मी कुठे म्हणतेय? त्यांना तुझ्याशिवाय कागद वाचता येत नाही आणि ते तुला शिकवतायत." मग ती म्हणाली, "पण मला एक सांग. आता दार उघडं आहे. बाबा सोडतायत, ऑफिस जातंय, आपली लेक मार्गी लागलीय. तुला शिकवायचं होतं ना? मग आता काय आडवं येतंय?"

आडवं काहीच येत नव्हतं. त्याचीच त्याला भीती वाटली.

तिच्या एका पेशंटच्या मानेचं दुखणं तिने बरं केलं होतं. त्या जवळच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. तो त्यांना भेटायला गेला. त्या मोकळेपणाने बोलल्या. शिकवण्याची पदवी लागेल, दोन वर्षं जातील, पुढे या वयात कोण घेईल सांगता येत नाही. "पण नववीच्या मुलांसाठी आम्ही बाहेरची माणसं बोलावतो, आपापल्या कामाबद्दल बोलायला. येता का? म्हणजे तुम्हालाही अंदाज येईल."

त्याने आठवडाभर तयारी केली. वकिलीबद्दल कोरडं काही बोलायचं नाही, असं ठरवलं. नदीकाठच्या जमिनीबद्दल बोलायचं. नदी सरकली, माझ्या शेताचा तुकडा तुमच्या काठाला जाऊन लागला, तर तो कोणाचा? यात नदी होती, कायदा होता, भांडण होतं. त्याच्याजवळ जे जे होतं ते सगळं यात होतं. बायकोसमोर त्याने ते दोनदा बोलून दाखवलं आणि ती म्हणाली, "मलाच शाळेत जावंसं वाटायला लागलं."

वर्गात शिरला तेव्हा त्याला धुळीचा आणि डब्यांचा तो ओळखीचा वास आला. त्याने फळ्यावर नदी काढली. सुरेख आली. मग तो बोलायला लागला.

तुकडा हळूहळू सरकला तर एक नियम, हे त्याने सांगितलं. पण पुराने एका रात्रीत तोडून नेला तर दुसरा. अर्थात तो ओळखता आला पाहिजे. मात्र मालकाने वेळेत हक्क सांगितला नसेल तर वेगळं. त्याला स्वतःला ऐकू येत होतं की आपण 'मात्र' आणि 'अर्थात' फार म्हणतोय, पण थांबता येईना, कारण ते न सांगणं म्हणजे खोटं सांगणं झालं असतं. मागच्या बाकावरच्या मुलाने डोकं बाकावर टेकलं. मधल्या रांगेत दोघांनी पट्टीची लढाई सुरू केली. पुढच्या बाकावरची एक गुणी दिसणारी मुलगी सगळं उतरवून घेत होती. तिने हात वर केला.

"सर, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," तो म्हणाला.

तिने पेनाला टोपण लावलं.

पुढची पंधरा मिनिटं त्याने कागदावरचं वाचून काढली. वर्गाच्या मागे बसलेल्या शिक्षिका मग पुढे आल्या. त्यांनी एकदाच टाळी वाजवली आणि पट्टीवाल्याला विचारलं, "तुझ्या आजोबांच्या शेताचा तुकडा रात्रीत माझ्याकडे आला तर तू मला देशील का रे?" तो पोरगा ताडकन उठला, "का म्हणून?" आणि वर्गात एकच गलका झाला. नदी तीच, फळा तोच. तो खडू हातात धरून बाजूला उभा होता.

"छान झालं," बाहेर पडताना शिक्षिका म्हणाल्या. आवाज समजूतदार होता. अवघड केस घेऊन आलेल्या अशिलाला तो स्वतः 'बघू या' म्हणायचा, तसाच.

शाळेच्या फाटकाबाहेर बसस्टॉपच्या बाकावर तो बराच वेळ बसला. आवड वेगळी आणि हात वेगळा. वडिलांचं ते वाक्य त्याने इतके दिवस बाहेर ठेवलं होतं, ते आता आत शिरलं. टेकडीवरच्या शाळेत तो चोवीस वर्षांचा होता. मुलं त्याच्यापेक्षा थोडीच लहान होती, त्याच्याबरोबर मैदानात खेळायची. त्यांना तो आवडला असेल. शिकवणं आवडलं होतं की नाही, हे त्याने कधी कोणाला विचारलं नव्हतं. एवढी वर्षं तो ज्या माणसाला मनात जपून होता, आपण खरे जे आहोत म्हणून, तो बहुधा नव्हताच. आणि ऑफिसातला वकील तर तो कधी झालाच नाही, कारण तो त्या दुसऱ्या माणसाची वाट बघत होता. बसेस येत होत्या, जात होत्या. एका ड्रायव्हरने दार उघडून "यायचंय का?" म्हणून विचारलंसुद्धा. त्याने मान हलवून नको म्हटलं.

त्या संध्याकाळी त्याने मॅडमना लिहिलं. चार वेळा सुरुवात केली. शेवटी एकच ओळ राहिली: 'जे काम द्याल ते नीट करीन.' मॅडमचं उत्तर लगेच आलं. हेच हवं होतं, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्यात टोमणा नव्हता.

ऑफिस बंद व्हायच्या दिवशी जुने अशील भेटायला आले. बेकरीवाला आला, वाटण्यांवरून अजूनही न बोलणारे दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन गेले. वडील खिडकीपाशी बसून सगळ्यांशी बोलत होते. मुलाच्या पाठीवर हात ठेवून ते प्रत्येकाला सांगत होते, "याला सांभाळून घ्या हं. जीव ओतून काम करतो." मुलगा हसत होता. बाईंनी चहाचे कप गोळा केले आणि त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

नवीन ऑफिसात त्याला तिसऱ्या मजल्यावर टेबल मिळालं. काम मृत्युपत्रांचं आणि वाटण्यांचं. जुने अशील सुरुवातीला येऊन त्याच्यापाशी बसायचे, वडिलांची चौकशी करायचे. मग हळूहळू ते शेजारच्या टेबलावरच्या तरुण मुलीकडे जायला लागले, कारण ती पटकन आणि सोपं सांगायची. त्याला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला हवं, एवढं मात्र त्याला वाटलं.

वडील घरी सुखात होते. दुपारी झोपायचे, संध्याकाळी सुनेकडून खांद्याचे व्यायाम करून घ्यायचे. एकदा मुलाने विचारलं, "बाबा, तुम्हाला ऑफिसची आठवण येत नाही?" वडील म्हणाले, "नाही रे. मला ते काम कधी आवडलंच नाही. घरात खाणारी तोंडं होती, केलं." आणि ते परत वर्तमानपत्र वाचायला लागले.

तो स्वयंपाकघरात गेला. बायको भांडी पुसत होती. त्याने फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभा राहून पुसायला लागला.

"मॅडम आज म्हणाल्या," तो म्हणाला, "दोन-तीन वर्षांचं बंधन धरू नका. तब्येत चांगली आहे तुमची, हवं तेवढं राहा."

"मग चांगलंच की."

"मी हिशेब केला. अजून पंधरा वर्षं सहज काम करता येईल मला."

तिने त्याच्याकडे बघितलं. "पंधरा वर्षं म्हणजे खूप असतात," ती समजुतीने म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि पुसलेलं ताट त्याने पुन्हा एकदा पुसलं.